म्हैस व्हायचंय, तर आधी गोठ्यात बस

चिरंजीव मुली, अनेक आशीर्वाद.

म्हैस बनून तू स्वतःचे काढून पाठवलेले अकराही फोटो भिंतीवर लावून दोन दिवस बघतोय. शिंगं सुरेख बनवली आहेस, अंगाला काळा रंगही छान चढलाय. पण दहा फोटोंत म्हशीचा वेश घेतलेली तूच दिसतेस. अकराव्यात एक शिंग निसटलंय, आणि तू हनुवटी पुढे काढून, मान न वळवता नुसता डोळा कॅमेऱ्याकडे फिरवलायस. तिथे मी दचकलो. आणि नेमका तोच तू ‘फसलेला’ म्हणून सगळ्यात खाली ठेवलास!

अमेरिकी छायाचित्रकार फ्रान्सेस्का वुडमनचे वाममाशांबरोबरचे, स्वतःचेच काढलेले फोटो शोधून बघ. १९७७-७८ साली ती इटलीत शिकत होती तेव्हाचे. वय तुझ्याएवढंच, एकोणीस-वीस. भांड्यात वेटोळं घातलेली वाम, आणि शेजारी जमिनीवर तिचं स्वतःचं उघडं शरीर, तसंच वळलेलं. मुखवटा लागलाच नाही, पाठीच्या वळणाने सगळं काम केलं. सिंडी शर्मन या दुसऱ्या अमेरिकी छायाचित्रकार बाईने १९८५ मध्ये स्वतःच्या फोटोसाठी चेहऱ्यावर चक्क डुकराचं नाक बसवलं, पण बाकी चेहरा माणसाचा राहू दिला. म्हणून तो फोटो अंगावर येतो.

मी तरुणपणी वानराचा मुखवटा घालून चार महिने फोटो काढले. ठेवण्याजोगा एकही निघाला नाही, कारण वानराकडे मी कधी धड पाहिलंच नव्हतं. म्हणून कळकळीने सांगतो, आठवडाभर कॅमेरा घरी ठेव आणि म्हशींच्या गोठ्यात जाऊन बस. रवंथ करताना जबडा कसा आडवा फिरतो, माशी बसली की तेवढीच कातडी कशी थरथरते, ते बघ.

मग कॅमेरा खाली, म्हशीच्या डोळ्याच्या उंचीला आण. तुझं तोंड येईल तिथे स्टूल ठेवून फोकस हाताने लाव. दहा सेकंदांच्या टायमरने पळत येऊ नकोस, ती घाई खांद्यात दिसते. रिमोट घे. शटर एक सेकंद उघडं ठेव, डोकं हललं तर पुसट होऊ दे.

जेजुरीच्या वाघ्यांसारखं काही करू का, असं विचारलंस. खंडोबाच्या दारी कुत्र्यासारखं भुंकणं ही त्यांची सेवा आहे. त्यांच्याजवळ बस, ऐक. पण तो वेश अंगावर घेऊ नकोस.

रविवारी ये. अकराव्या फोटोची मूळ फाइल आण, मोठी प्रिंट काढू.

तुझा,
सर