‘आम्ही ठरवलंय’ म्हणजे नक्की कोणी?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, मार्क उत्तम. तिला वेगवेगळ्या प्राण्यांच्या मेंदूंचा तुलनात्मक अभ्यास करायचाय. आम्ही ठरवलंय की आधी तिने न्यूरोसर्जन व्हावं. माणसाचा मेंदू कळला की बाकीचे त्यात आलेच. कावळे-उंदीर नंतर छंद म्हणून बघता येतील. तिला कसं समजवावं?

उत्तर : तिचं नंतर बघू, आधी तुमच्याशी बोलायचंय. पत्रासोबत तुम्ही दहावीपासूनच्या गुणपत्रिका पाठवल्यात, पण हा विषय तिला का आवडला याबद्दल एक ओळही नाही. विचारलंत का कधी? आणि हे ‘आम्ही’ म्हणजे कोण? तिला धरून तर नक्कीच नाही.

न्यूरोसर्जरी हे काही ‘आधी उरकून घेऊ’ असं काम नाही. त्यात उमेदीची दहा-बारा वर्षं जातात. नाइलाजाने सर्जन झालेल्या माणसाच्या हाती मी तरी माझं डोकं देणार नाही. तुम्ही द्याल?

आता ‘बाकीचे त्यात आलेच’ याविषयी. सरड्याचा मेंदू तळाला, त्यावर मजले चढत जाऊन शेवटी माणूस, हे चित्र बऱ्याच जणांच्या मनात असतं. ते चूक आहे. सरडाही आपल्याइतकाच काळ उत्क्रांत होत आलाय, फक्त वेगळ्या फांदीवर. सुझाना हर्कुलानो-हौझेल या ब्राझीलच्या संशोधिकेने 2005 मध्ये पेशी मोजायची एक पद्धत मांडली : मेंदूची ऊती डिटर्जंटच्या द्रावणात घोटायची, पेशी फुटून केंद्रकं मोकळी झाली की ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी निघाल्या, आफ्रिकन हत्तीच्या मेंदूत 257 अब्ज! मग हत्ती आपल्या तिप्पट हुशार का नाही? कारण त्यातल्या जवळपास 98 टक्के मागच्या अनुमस्तिष्कात, म्हणजे हालचालींचा मेळ राखणाऱ्या भागात आहेत. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे विचाराचं काम करणाऱ्या बाहेरच्या थरात, जेमतेम 5.6 अब्ज, आपल्या तिथे 16 अब्ज. कावळ्याला तर आपल्यासारखा सहा थरांचा कॉर्टेक्सच नाही, तरी काही जातींचे कावळे अवजारं वापरतात; त्यांच्या एवढ्याशा मेंदूत चेतापेशी दाटीवाटीने बसल्यात. नुसता माणसाचा मेंदू बघत बसलं असतं तर यातलं काही हाती लागलं नसतं.

वाट सरळ आहे : जीवशास्त्र, मानसशास्त्र किंवा संगणकशास्त्रातली पदवी, पदव्युत्तर शिक्षण, पीएचडी, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं काही वर्षांचं संशोधनाचं काम. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची गरज नाही. संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग मात्र आतापासून शिकायला हवं. कायमच्या जागा थोड्या असतात आणि त्या मिळायला उशीर लागतो, ही तुमची काळजी रास्त आहे. पण ती तिला मोकळेपणाने सांगा, न्यूरोसर्जरीच्या आड लपवू नका. मी तिला वेगळंच विचारेन : मेलेल्या प्राण्याचा मेंदू कवटीतून काढून त्याच्या कागदाहून पातळ चकत्या करत महिनोन् महिने बसशील का? काहींचा हौसेचा भर तिथेच ओसरतो. तिचा ओसरेल की नाही, हे तिला एखाद्या प्रयोगशाळेत सुट्टीभर काम करूनच कळेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.