हँडिकॅप बेटिंग: सुरुवातीला एवढंच पाहा

फुटबॉलवर हँडिकॅप बेटिंग कसं सुरू करायचं, हे तुम्ही विचारलंत. तुम्ही ब्रिटनमध्ये आहात, वय १८ च्या पुढे आहे, म्हणजे कायद्याची अडचण नाही. भारतात मात्र २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. तिथल्या मित्रांच्या नावाने काही लावू नका.

हँडिकॅप म्हणजे बलाढ्य संघाचे गोल आधीच वजा धरायचे. मँचेस्टर सिटी −१.५ घेतलंत, तर सिटीने किमान दोन गोलांनी जिंकायला हवं. १-० झालं तर पैसे गेले.

नवखे बरेचदा फसतात ते −१ वर. एशियन हँडिकॅपमध्ये (यात बरोबरीचा पर्याय नसतो) नेमक्या एका गोलाने विजय झाला की लावलेली रक्कम परत मिळते. तीन पर्यायांच्या (विजय, बरोबरी, हार) हँडिकॅपमध्ये तोच निकाल बरोबरी धरतात आणि तुम्ही हरता. बेटच्या स्लिपवर प्रकार कोणता लिहिलाय, ते दर वेळी वाचाच.

- हिशेब ९० मिनिटं आणि इंज्युरी टाइमचा. एक्स्ट्रा टाइमचे गोल सहसा धरत नाहीत.
- गेलेले पैसे वसूल करायला लगेच दुसरी बेट नको. डिपॉझिटची मर्यादा आजच लावा. आवरत नसेल तर गॅमस्टॉप या ब्रिटनमधल्या सेवेवर मोफत नोंदणी करून स्वतःला ऑनलाइन बेटिंग साइट्सवर बंदी घालून घेता येते.

−०.२५, −०.७५ असे पाव-पाऊण गोलांचे हँडिकॅप सध्या राहू द्या. आधी काही आठवडे पैसे न लावता वहीत अंदाज लिहा आणि निकालाशी ताडून बघा.