एकच बातमी, दोनदा पोहोचलेली

प्रश्न : दूरच्या क्वेसारचा (म्हणजे दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याचा) प्रकाश वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वामुळे वळतो आणि एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा दिसतात, असं वाचलं. पण प्रकाश वाटेत असताना विश्व फुगतच असतं. मग दोन वेगळ्या वाटांनी आलेला प्रकाश कमी-जास्त तांबडा का होत नाही? आणि ते मधलं भिंग, म्हणजे प्रकाश वळवणारी ती दीर्घिका, तीही ताणली जात नाही का?

उत्तर : शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. भिंग ताणलं जात नाही. दीर्घिका किंवा दीर्घिकासमूहाचा गाभा स्वतःच्या गुरुत्वाने बांधलेला असतो. असे समूह एकमेकांपासून दूर जातात, पण आतून सैल होत नाहीत.

आता तांबडेपणाचं. १९७९ साली वॉल्श, कार्सवेल आणि वायमन या खगोलशास्त्रज्ञांना एकमेकांपासून ६ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतरावर दोन निळसर ठिपके सापडले. क्यू ०९५७+५६१ हा तो जुळा क्वेसार, गुरुत्वीय भिंगाचं सापडलेलं पहिलं उदाहरण. दोघांचे वर्णपट घेतले तर कार्बनची जी रेषा मुळात १९०९ अँगस्ट्रॉमवर (हे तरंगलांबीचं एकक) असायला हवी, ती दोन्हींत ४६०० च्या आसपास. म्हणजे प्रकाशलहरी २.४१ पट ताणलेल्या, दोन्हींत सारख्याच. हे जुळे नसून एकच वस्तू आहे, हा संशय तिथूनच बळावला.

असं का होतं? लहर किती ताणली जाणार हे वाट ठरवत नाही. प्रकाश निघाला तेव्हा विश्व केवढं होतं आणि पोहोचला तेव्हा केवढं, एवढ्यावरच ते ठरतं. भिंगाच्या गुरुत्वात उतरताना प्रकाश थोडा निळा होतो, बाहेर पडताना तेवढाच तांबडा होतो. हिशेब जवळजवळ फिटतो. दोन वाटांच्या प्रवासवेळेत फरक असतो खरा, पण तो ४१७ दिवसांचा. सुमारे ९ अब्ज वर्षांच्या प्रवासात तेवढ्याने रंगात मोजण्याजोगा फरक पडत नाही.

पण हे ४१७ दिवसच मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचे वाटतात. प्रसरणाचा जो ठसा तुम्ही रंगांच्या फरकात शोधताय, तो या उशिरात आहे.

भिंगदीर्घिकेपासून एक प्रतिमा सुमारे ५ विकला दूर आहे, दुसरी जेमतेम १ विकला. दीर्घिकेला खेटून येणारा प्रकाश जास्त खोल गुरुत्वातून जातो आणि मागे पडतो. क्वेसारची चमक कमी-जास्त होत असते. पहिल्या प्रतिमेत दिसलेला चढउतार दुसरीत पुन्हा दिसतो, एक वर्षाहून जास्त उशिराने. डिसेंबर १९९४ मध्ये पहिली प्रतिमा झपकन मंदावली. त्यावरून दुसरी कधी मंदावेल हे आधीच सांगता आलं, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये ती मंदावलीच.

याआधी बरीच वर्षं वाद होता. काहींच्या मते उशीर ४१५ दिवसांच्या जवळपास, काहींच्या मते ५४० च्या. हा वाद का होता हे मला वाचून नीटसं कळलं नव्हतं, म्हणून दोन्ही प्रतिमांची चमक तारखेनुसार दाखवणारे आलेख छापून घेतले. एक ट्रेसिंग पेपरवर उतरवला, खिडकीच्या काचेवर दुसऱ्यावर ठेवून आडवा सरकवत नेला. तेजस्विता वेगळी असल्याने थोडा उभाही सरकवावा लागतो. दरवर्षी काही महिने सूर्य त्या बाजूला असतो आणि निरीक्षणं विरळ होतात, त्यामुळे आलेखात खंड पडतात. दीड वर्षाने, म्हणजे ५४० च्या आसपास सरकवलं की एका आलेखाचे ठिपके दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत जाऊन बसतात. तिथे काहीच एकमेकांवर येत नाही, म्हणून काही विसंगतही दिसत नाही! ४१७ च्या आसपास मात्र ठिपक्यावर ठिपका येतो.

या उशिराचा उपयोग नॉर्वेचे खगोलशास्त्रज्ञ शूर रेफ्सडाल (Sjur Refsdal) यांनी १९६४ मध्येच सांगून ठेवला होता, एकही भिंग सापडलेलं नसताना. दुर्बिणीतून आपल्याला फक्त कोन दिसतात. सगळं विश्व दुप्पट मोठं केलं तरी कोन तेच राहतील, चित्र हुबेहूब तसंच दिसेल. पण प्रकाशाला लागणारा उशीर दुप्पट होईल. म्हणजे उशीर मोजला की चित्राला मोजपट्टी मिळते, आणि त्यातून प्रसरणाचा वेग, म्हणजे हबल स्थिरांक. या क्वेसारच्या भिंगापासून आपल्यापर्यंत विश्व १.३६ पट वाढलं. उशिराच्या सूत्रात तो गुणक थेट येऊन बसतो.

अडचण भिंगाच्या वजनाची. या दीर्घिकेभोवती अख्खा दीर्घिकासमूह आहे. समान पसरलेल्या वस्तुमानाचा पातळ थर मध्ये आहे असं धरलं आणि दीर्घिकेचं वजन त्या प्रमाणात कमी धरलं, तर प्रतिमांच्या जागा बदलत नाहीत, पण उशीर बदलतो. म्हणून एकाच भिंगावरून काढलेल्या आकड्यावर मी फार भरवसा ठेवत नाही.

रेफ्सडाल यांच्या मनात खरं तर सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, होता. तो नोव्हेंबर २०१४ मध्ये मिळाला : मॅक्स जे११४९ या समूहातल्या एका दीर्घिकेभोवती एकाच स्फोटाच्या चार प्रतिमा. पाचवी कुठे आणि साधारण कधी दिसेल याचं भाकीत झालं आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती दिसली. त्या सुपरनोव्हाला त्यांचंच नाव दिलंय. ते स्वतः २००९ मध्ये गेले. हे लिहिताना दर वेळी वाईट वाटतं. त्या उशिरावरून २०२३ मध्ये हबल स्थिरांक ६५ ते ६७ च्या घरात आला, दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला तेवढे किलोमीटर. क्वेसारांच्या सहा भिंगांवरून आधी ७३ च्या आसपास आला होता. दोन्हींचा मेळ अजून बसायचा आहे.

आलेख सरकवून बघणार असाल तर आधी ५४० वर लावा, मग ४१७ वर. ठिपके मात्र बारीक पेन्सिलीने काढा. शाईचा ठिपका दहा-पंधरा दिवस सहज झाकतो.