सात नंबर म्हातारा झाला का?

प्रश्न: वय 58, मुक्काम नाशिक. 2009 मध्ये घेतलेला गोल्फच्या फोर्ज्ड आयर्नचा, म्हणजे घडीव स्टीलच्या क्लबचा सेट अजून वापरतो. रविवारी अठरा होल, शिवाय आठवड्यातून दोनदा सरावाच्या रेंजवर शंभरेक बॉल. आमच्यातला एक जण म्हणतो, आयर्न पाच वर्षांत संपतात. सात नंबरच्या आयर्ननं बॉल हल्ली पूर्वीइतका लांब जात नाही, हेही खरं. नवा सेट घेऊ का?

उत्तर: सात नंबर दहा यार्ड कमी जात असेल, तर आधी जन्मतारीख बघावी. क्लबची नव्हे, आपली. मीही त्याच रांगेत आहे, म्हणून हक्कानं सांगतो.

दुकानात नवा सात नंबर मारून बघाल तर तो लांब जाईलच. पण त्याचा लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा तिरपेपणाही बघा; तो कमी, तसा बॉल लांब, आणि आकडा लहान तसा लॉफ्ट कमी. तुमच्या काळात सात नंबर साधारण 34 अंशांचा असे, आता बऱ्याच सेटमध्ये तो 30च्या आसपास असतो. म्हणजे जुना सहा नंबरच, फक्त खाली आकडा सात. लाखाच्या घरात पैसे मोजून आकडा बदलून घ्यायचा का, ते तुम्ही ठरवा. ओतीव स्टीलचे, 1982 साली बाजारात आलेले पिंग आय टू हे आयर्न आजही लोकांच्या बॅगेत दिसतात. पाच वर्षांचा हिशेब त्यांना कुणी सांगितलेला नाही.

झिजतात त्या क्लबच्या तोंडावरच्या खाचा, म्हणजे ग्रूव्ह. त्यासाठी घरच्या घरी एक परीक्षा आहे. तुमचा चार नंबर काढा. तो क्वचितच बाहेर येत असणार. त्याच्या खाचांवरून नख फिरवा, मग नऊ नंबर आणि पिचिंग वेज, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबवरून. चारवर नख अडकतं आणि वेजवरून घसरतं, असं झालं तर वेज बदला, सेट नको. वाळू आणि माती सगळ्यात आधी वेजच खाते. ओल्या गवतातून मारलेला बॉल ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर पडून पळत सुटत असेल, तर हीच शंका घ्यायची.

फोर्ज्ड स्टील मऊ. मॅटखाली काँक्रीट असेल, तर शेकडो फटक्यांत लॉफ्ट आणि लाय (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) अंश-दोन अंश हलतो. रेंजवर जास्त वापरलेला सात नंबर आठकडे झुकायला लागतो, तो असाच. वर्षातून एकदा वर्कशॉपमध्ये मोजून घ्या, वाकला असेल तर मशीनवर सरळ करून देतात.

ग्रिप शेवटची कधी बदललीत, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. तुमच्याइतकं खेळणाऱ्यानं दरवर्षी बदलावी. रबर कडक, चकचकीत झालं की आपण नकळत मूठ आवळतो, आणि आवळलेल्या मुठीतून बॉल जात नाही. माझा पहिला संशय तिथेच आहे. आधी ग्रिप बदला, महिनाभर खेळा, मग दुकानात जायचं का ते बघू.

एक गोष्ट मात्र आजच करा. प्रत्येक क्लब हेडकडून धरून हलवून बघा. आतून खटखट आवाज आला किंवा हेडच्या वरची काळी प्लास्टिकची चकती शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर सरकलेली दिसली, तर तो क्लब बॅगेबाहेर. हेड चिकटवणारं इपॉक्सी सुटलंय. पुन्हा चिकटवायला फारसा खर्च नाही. मी एकदा असा आठ नंबर 'एवढी फेरी होऊ दे' म्हणून वापरला. बॉल नीट ग्रीनवर गेला, हेड त्याच्या मागोमाग निघालं आणि तळ्यात पडलं. शाफ्ट अजून माझ्याकडे आहे, खिडकी उघडायला वापरतो.