तेराव्या वर्षी उशीर?

प्रश्न : आम्ही स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहतो. मुलगी १३ वर्षांची, सातवीत आहे. छान गाते. तिला टीव्हीवरच्या ‘तालांग’ या कलागुणांच्या स्पर्धेची ऑडिशन द्यायची आहे. गायिका झारा लार्सन ती दहाव्या वर्षी जिंकली, मलाच उशीर झालाय, असा तिचा धोशा. हे म्हणतात, गाण्याच्या नादात शिक्षण जाईल. काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, उशीर वगैरे काही झालेला नाही. झारा २००८मध्ये ‘तालांग’ जिंकली, पाच लाख क्रोनर मिळाले, हे खरं. पण पुढचं लेकीला ठाऊक आहे का? रेकॉर्ड कंपनीशी तिचा करार झाला २०१२मध्ये. स्वतःच्या गाण्यांची पहिली ईपी, म्हणजे छोटा अल्बम, आली २०१३च्या जानेवारीत. ‘लश लाइफ’ या गाण्याने तिचं नाव स्वीडनबाहेर गेलं, तेव्हा २०१५ उजाडलं होतं. दहा वर्षांच्या पोरीचं कौतुक सगळे करतात, तिकीट काढून तिला ऐकायला फारसं कुणी येत नाही.

आणि हरलेल्यांचं काय? गायिका लोरीन २००४च्या ‘आयडॉल’ या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत चौथी आली. २०११मध्ये ‘मेलोडीफेस्टिवालेन’ची, म्हणजे युरोव्हिजन या युरोपीय गाण्याच्या स्पर्धेसाठी स्वीडनचं गाणं निवडणाऱ्या स्पर्धेची, अंतिम फेरीही तिला गाठता आली नाही. पुढच्याच वर्षी तीच स्पर्धा जिंकून ती बाकूला गेली आणि युरोव्हिजन जिंकून आली. २०२३ला पुन्हा एकदा. तुमच्या लेकीला युरोव्हिजनमध्ये गायला सोळा पूर्ण व्हावीच लागतील, म्हणजे तयारीला वेळ आहे.

ऑडिशन देऊ द्या. फक्त कागदांवर सही तुम्ही करणार आहात, म्हणून सांगते: करार वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उचलू नका. रेकॉर्डिंगची मालकी कोणाची, किती वर्षं बांधून घेणार, हे आधी विचारा. झाराने आपल्याच गाण्यांचे हक्क २०२२मध्ये विकत घेतले. ते तिला परवडलं!

दरम्यान नगरपालिकेच्या ‘कुल्तुरस्कूला’त, म्हणजे मुलांच्या कला-संगीत शाळेत, नाव घाला. फी खिशाला जड नसते, आणि गळ्याबरोबर एखादं वाद्यही हाताला लागेल.

आता यजमानांची काळजी. ती रास्त आहे, पण नववीनंतर जिम्नासियममध्ये (उच्च माध्यमिक शाळेत) ‘एस्तेतिस्का’ म्हणजे कला शाखेत संगीत घेतलं तरी विद्यापीठाचं दार बंद होत नाही. उद्या इंजिनिअरिंगच करायचं ठरलं, तर राहिलेलं गणित-विज्ञान ‘कोमव्हुक्स’ या प्रौढ शिक्षणाच्या शाळेत पूर्ण करता येतं. वर्ष-दीड वर्ष जास्त जाईल, इतकंच. शाळेच्या मार्गदर्शकाची, म्हणजे तिथल्या ‘एसवायव्ही’ची, वेळ घ्या आणि यजमानांनाही सोबत न्या.