साठ दिवस कुठून मोजायचे?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार घेतली आहेत. नेहमीप्रमाणे सांगून ठेवते, मी वकील नाही. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याच्या मागोमाग १९९८ साली एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर न्यू जर्सीत आले, सात वर्षं घरी बसले. ग्रीन कार्ड आल्यावर एडिसनच्या एका वकिलाकडे सोळा वर्षं एच-वनच्या फायली लावल्या. सही करण्याआधी तुमच्या वकिलाला विचाराच. त्याला काय विचारायचं, तेवढं मी सांगते.

*ताई, मागच्या मंगळवारी सकाळी मीटिंगचं बोलावणं आलं आणि दहा मिनिटांत नोकरी गेली. दोन महिन्यांचा पगार सेव्हरन्स म्हणून मिळणार आहे. एचआरची बाई म्हणते, तुमचे साठ दिवस सेव्हरन्स संपल्यावर सुरू होतील. माझं एच-वनचं सातवं वर्ष चालू आहे, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीनं केलेला अर्ज) दोन वर्षांपूर्वी मंजूर झालंय. मुलगी तिसरीत आहे. बायको म्हणते, सरळ पुण्याला जाऊ आणि तिथून नोकरी शोधू. — ऑस्टिन, टेक्सस*

एचआरच्या बाईंचा हेतू चांगला असेल, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका. सेव्हरन्स म्हणजे निरोपाचे पैसे, पगार नव्हे. नोकरी गेल्यावर नवी कंपनी शोधायला किंवा देश सोडायला मिळणारे हे साठ दिवस मोजायचे ते नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून, म्हणजे साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला त्या दिवसापासून. तो मंगळवार असेल तर बुधवार हा पहिला दिवस. शनिवार, रविवार, सणाच्या सुट्ट्या सगळं त्यातच. आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहायचं ते ठरवणारी नोंद) त्याआधी संपत असेल तर मुदतही तिथंच संपली. नोकरीची शेवटची तारीख कंपनीकडून लेखी घ्या आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर साठावा दिवस लाल पेनानं गोल करा. मग त्याच्या मागे वीस दिवसांवर दुसरा गोल करा. तुमची खरी मुदत ती.

कारण असं, की साठाव्या दिवसापर्यंत नव्या कंपनीचा अर्ज सरकारकडे पोचलेला असावा लागतो. नुसता कुरिअरला देऊन भागत नाही. त्याआधी कामगार खात्याकडून एलसीए (पगाराबद्दलचं मालकाचं हमीपत्र) मंजूर करून घ्यायचा, त्यालाच कामकाजाचे सात दिवस जातात. कंपनीचा वकील तुमची डिग्री, जुन्या पे-स्लिपा, सगळ्या आय-७९७ (सरकारच्या मंजुरीच्या नोटिसा) मागणार. त्यात ‘मॅनेजर सुट्टीवर आहेत’ हे असतंच. चाळिसाव्या दिवशी ऑफर हातात असेल तर निभावतं. पन्नासाव्या दिवशी आलेल्या ऑफरीनं आमच्या ऑफिसात सगळ्यांची जेवणं राहायची. अर्ज पोचल्याची पावती आली की नव्या जागी रुजू होता येतं, मंजुरीची वाट बघावी लागत नाही.

तोवर काहीच जमलं नाही, तर साठ दिवसांच्या आत बी-टू म्हणजे पाहुण्याच्या दर्जासाठी अर्ज टाकता येतो. त्यानं राहायला सवड मिळते, काम मात्र करता येत नाही. नंतर नोकरी मिळाली तरी नुसत्या पावतीवर रुजू होता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या. म्हणून तो शेवटचा उपाय.

आय-१४० ची काळजी नको. मंजुरीला १८० दिवस उलटून गेलेत, आता कंपनीनं ते मागे घेतलं तरी तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) तुमचीच. नवी कंपनी पर्म (त्याआधीचं कामगार खात्याचं प्रमाणपत्र) आणि आय-१४० पुन्हा पहिल्यापासून करील, पण रांगेतली जागा जुनीच राहील. एच-वनची सहा वर्षांनंतरची मुदतवाढही त्याच मंजुरीच्या जोरावर मिळते. आज मात्र एक काम करा. आय-१४० च्या मंजुरीची प्रत मागा. ती कंपनीच्या फायलीत असते आणि पुष्कळ कंपन्या देत नाहीत. प्रत नाहीच मिळाली, तर निदान पावती क्रमांक घ्या. एचआरचे लोक तुमच्याशी गोड बोलतायत तोवरच हे होतं.

आता पुण्याला जायचं. २००१ साली माझ्या नवऱ्याची नोकरी गेली, शुक्रवारीच. तेव्हा साठ दिवस वगैरे काही नव्हतं. ही सवलत जानेवारी २०१७ पासूनची. नोकरी गेली की त्याच दिवशी राहण्याचा कायदेशीर दर्जा गेला. त्याला पाच आठवड्यांनी नवी नोकरी मिळाली, अर्ज मंजूरही झाला, पण सोबत आय-९४ आला नाही. मुंबईला जाऊन व्हिसाचा शिक्का घ्या आणि पुन्हा या, असा त्याचा अर्थ. अमेरिकी वकिलात तेव्हा ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होती. समोरच्या फुटपाथवर सासूबाई उपाशीपोटी उभ्या होत्या. अकराव्या दिवशी तो परत आला. खर्च म्हटला तर विमानाचं तिकीट, व्हिसाची फी आणि सासूबाईंचा नवस.

आज तोच फेरा नव्या कंपनीला एक लाख डॉलरला पडू शकतो. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनुसार, अमेरिकेबाहेर असलेल्या आणि चालू एच-वन व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवा अर्ज केला तर ही रक्कम भरावी लागते. इथं राहून, मुदतीत कंपनी बदलणाऱ्याला ती लागू नाही. म्हणून पासपोर्टवरचा तुमचा शिक्का कधीपर्यंतचा आहे ते आधी बघा आणि ही घोषणा आज कुठल्या स्थितीत आहे ते वकिलाकडून कळल्याशिवाय तिकिटं काढू नका. जायचंच ठरलं, तर तुमचं परतीचं भाडं जुन्या कंपनीनं द्यायचं असतं, कारण काढून त्यांनी टाकलंय. तुमच्या एकट्याचंच. बायको-मुलीचं नाही.

*माझी अकरा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. ओपीटीवरच्या (शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावरच्या) एका मुलीचं नाव पहिल्यांदाच एच-वनच्या लॉटरीत घालायचं आहे. वकिलाची फी निम्मी निम्मी वाटून घ्यायला ती तयार आहे. चालेल ना? — कोलंबस, ओहायो*

ती तयार असून उपयोग नाही. एच-वनच्या अर्जाची वकिलाची फी, प्रशिक्षण निधीचे ७५० डॉलर (पंचवीसपर्यंत माणसं असलेल्यांना एवढेच, मोठ्यांना १,५००) आणि फसवणूकविरोधी ५०० डॉलर, हे सगळं मालकाच्या खिशातून. पगारातून हप्त्यानं कापलंत तरी तो नियमभंग तुमचाच. मुलगी अमेरिकेतच असल्यानं आणि इथंच दर्जा बदलणार असल्यानं ते एक लाखाचं भूत तुमच्या मानगुटीवर नाही.

पैशापेक्षा मालकांना एक कागद जास्त झोंबतो. एलसीएची नोटीस ऑफिसात दोन ठळक ठिकाणी दहा दिवस लावावी लागते. तिच्यावर पदाचं नाव आणि पगार असतो. आमचा एक मालक ती नोटीस फ्रिजच्या मागच्या भिंतीला लावून आला होता, कारण त्याच कामाला जुन्या माणसाला आठ हजार डॉलर कमी मिळत होते आणि त्यानं ते वाचू नये अशी इच्छा! वकीलसाहेबांनी त्याला परत पाठवून ती कॉफी मशीनशेजारी लावायला लावली. दोन आठवड्यांत जुन्या माणसाचा पगार वाढला. तुम्हीही आधी आपल्या अकरा जणांचे पगार बघून घ्या. त्या भागातला त्या कामाचा चालू दर आणि तुम्ही तसल्याच कामाला प्रत्यक्ष देता तो पगार, यांत जो जास्त, तो त्या मुलीला द्यावा लागेल.

*मुलगा दोन महिन्यांपूर्वी एच-वनवर अमेरिकेला गेला. कंपनीनं गेस्ट हाऊसमध्ये सहा मुलांबरोबर ठेवलंय. प्रोजेक्ट मिळेपर्यंत पगार नाही म्हणतात. सोडून गेलास तर १५,००० डॉलर भर, असं लिहून घेतलंय. आम्ही इथून पैसे पाठवावेत का? — एक आई, सांगली*

ताई, खाण्यापिण्याला पाठवा, कंपनीला एक रुपयाही नको. यापुढची पायरी मला माहीत आहे. ‘तुम्ही पैसे द्या, आम्ही तेच पगार म्हणून दाखवतो,’ असं त्याला सांगतील. त्यात तो एकदा अडकला की पुढं प्रत्येक अर्जात ते खोटं सोबत येतं.

बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसवलेल्या माणसालाही एलसीएतला पगार द्यावाच लागतो. परदेशातून आलेला माणूस अमेरिकेत उतरल्यापासून फार तर तीस दिवसांत पगार सुरू व्हायला हवा. त्यानं स्वतःच्या कारणासाठी रजा मागितली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून तसल्या कुठल्याही कागदावर त्याला सही करू देऊ नका. एलसीएची प्रत मिळणं त्याचा हक्क आहे, ती ईमेलनं मागू दे. गेस्ट हाऊसचे मेसेज, हजेरी, सगळं जपून ठेवू दे. कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ नावाच्या फॉर्मवर तक्रार करता येते, वर्षाच्या आत. तक्रार केली म्हणून कंपनीनं त्रास देणं बेकायदा आहे.

१५,००० चं म्हणाल, तर मुदतीआधी सोडल्याचा दंड मालकाला घेता येत नाही. खरोखरच्या नुकसानीची भरपाई काही राज्यांत मागता येते, पण तीत एच-वनची फी धरता येत नाही. तो कागद वकिलाला दाखवा. दरम्यान त्यानं दुसरी नोकरी शोधायला आजच लागावं. पे-स्लिपा नसल्यामुळे नवा वकील प्रश्न विचारील, तेव्हा हे जपलेले मेसेज उपयोगी पडतील.

*मुंबईत २०२८ पर्यंतचा व्हिसा लागला. तोपर्यंत निर्धास्त ना? — ठाणे, लवकरच जर्सी सिटी*

नाही. शिक्का दारातून आत येण्यासाठी असतो. किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतो. विमानतळावरचा अधिकारी तुमचा पासपोर्ट कधी संपतो ते बघतो आणि पुष्कळदा तीच तारीख आय-९४ वर घालतो. २००३ साली आमच्याकडे हेच झालं. तेव्हा तो पांढरा चिटोरा पासपोर्टात टाचलेला असायचा. आम्ही सात महिने शिक्क्याकडेच बघत राहिलो. दिवाळीत फराळाचे डबे रिकामे करताना नवऱ्याचा पासपोर्ट सहज उघडायची मला बुद्धी झाली, तेव्हा अकरा दिवस उरले होते. कंपनीच्या वकिलानं धावपळ करून मुदतवाढीचा अर्ज टाकला आणि नंतर मला म्हणाला, तुला कागद वाचता येतो, माझ्याकडे कामाला का येत नाहीस? ग्रीन कार्ड यायला पुढं दोन वर्षं गेली, मग गेले.

पासपोर्ट २०२८ च्या आधी संपत असेल तर निघण्यापूर्वी ठाण्यातच नवा करून घ्या. आता आय-९४ संकेतस्थळावर दिसतो. नेवार्कला उतरल्यावर टॅक्सीत बसलात की तो उघडा आणि तारीख बघा.