कास्टिंग यायलाच तीन आठवडे लागतात, मग दोन आठवड्यांचा स्प्रिंट कसा लावायचा?

तुमचा पंपांचा कारखाना, बिडाचं कास्टिंग फाउंड्रीतून यायला तीन आठवडे, आणि मुलगा म्हणतोय अ‍ॅजाइल करूया, म्हणजे काम स्प्रिंट नावाच्या छोट्या ठरावीक टप्प्यांत करायचं आणि दर टप्प्याला शिकत पुढं जायचं. हे आपल्या धंद्यात जमतं का, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावात उद्यमबागेत पंप-व्हॉल्व्हच्या डिझाइनचं काम करतो. जमतं, आणि जरूर करा.

हे सॉफ्टवेअरवाल्यांचं खूळ आहे असं आधी मनातून काढा. अ‍ॅजाइलचा जाहीरनामा २००१ चा. पण स्क्रम (अ‍ॅजाइलचीच एक पद्धत) हा शब्द ताकेउची आणि नोनाका या जपानी व्यवस्थापन-अभ्यासकांनी १९८६ मध्येच वापरला होता, आणि त्यांच्यासमोर होती होंडाची गाडी, कॅननचा कॅमेरा, फुजी-झेरॉक्सचं कॉपिअर. म्हणजे हातात धरायच्या वस्तूच.

अडतं ते एकाच ठिकाणी. दोन आठवड्यांनी तयार पंप दिसला पाहिजे असं आपण धरून चालतो. तो दिसणार नाही. दर स्प्रिंटला एक शंका फिटली पाहिजे, एवढंच धरा.

आमचंच सांगतो. एका केसिंगचं (पंपाच्या बाहेरच्या कवचाचं) ड्रॉइंग झालं की थेट पॅटर्न (वाळूत आकार उमटवायचा नमुना) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीच्या गाभ्याचा साचा) करायला टाकले. कास्टिंग आलं, मशिनिंग झालं, आणि जोडणीच्या वेळी फिटरनं पाना लावला तर तो जेमतेम बोटभर फिरून रिबला, म्हणजे केसिंगवरच्या उभ्या पट्टीला, अडकला. चौथा बोल्ट आवळताच येईना. पॅटर्न पुन्हा, कोअर बॉक्स पुन्हा, सगळा महिना गेला. पुढच्या केसिंगला प्लायवूडचा एक ओबडधोबड नमुना केला, खरे बोल्ट घातले आणि पाना फिटरच्या हातात दिला. दहा मिनिटांत त्यानं दोन अडचणी दाखवल्या. तो आमचा पहिला स्प्रिंट, आणि त्यात बीड वितळवावंच लागलं नाही.

पाणी किती फेकतो ही शंका असेल तर थ्रीडी प्रिंटचा इम्पेलर (पाणी फेकणारं फिरतं चाक) जुन्याच केसिंगमध्ये बसवून बघा, हेड (पाणी किती उंच चढतं) आणि डिस्चार्ज (किती पाणी येतं) मोजा. दाब आणि टिकाऊपणा मात्र खऱ्या बिडावरच तपासा, तिथं प्लास्टिकवर विसंबू नका.

पॅटर्नवाल्याला पहिल्या बैठकीपासून बोलवा. ज्या बॉसची (बोल्टसाठीच्या उंचवट्याची) जागा अजून पक्की नाही तो पॅटर्नवर लूज पीस, म्हणजे सुटा तुकडा, ठेवायला सांगा, म्हणजे नंतर सरकवता येतो. आणि शंका असलेल्या पृष्ठभागांवर मशिनिंगला थोडा जास्त माल ठेवा. जास्तीचा माल लेथवर काढता येतो, कमी पडला तर कास्टिंग भंगारात.